नळीत बुडबुडा राहिला की...

गेल्या आठवड्यात एक पालक शाळेत आले. "मॅडम, पोरं महिनाभर नळी घेऊन गावात फिरत्यात. धडे कधी व्हायचे?" प्रश्न रास्त होता. उसाची तोड सुरू असताना वेळ काढून ते आले होते. तिथे घाईत दिलेलं उत्तर मलाच अपुरं वाटलं, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

आमची शाळा सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात, कृष्णाकाठी. सहावी ते आठवी मिळून 27 मुलं आणि आम्ही दोघी शिक्षिका. गावात बऱ्याच भिंतींवर पुराच्या खुणा आहेत. कुठे 2005 ची, कुठे 2021 ची, आणि सगळ्यांत वर 2019 च्या ऑगस्टची. आज सातवीत असलेली मुलं तेव्हा बालवाडी-पहिलीत होती. बोटीत बसल्याचं त्यांना आठवतं, पण पाणी कसं चढलं ते समजलेलं नाही. पावसाळ्यात घरोघरी एकच विचारणा असते, "आयर्विनला किती झालं?" सांगलीच्या त्या 1929 च्या पुलावर 40 फूट म्हणजे इशारा आणि 45 म्हणजे धोका, हे पोरांना पाढ्यासारखं पाठ आहे. 2019 ला ते 57 च्या वर गेलं होतं. पण 57 फूट कुठून मोजायचे, आणि मग आपल्या उंबऱ्याला पाणी कधी लागायचं? वर्गात हे विचारलं तेव्हा कुणीच बोललं नाही. आमचा घटक तिथून सुरू झाला.

एका मुलीचे आजोबा गवंडी आहेत. त्यांना बोलावलं. आबांनी 20 मीटरची पारदर्शक नळी आणली, तिच्यात पाणी भरलं आणि दोन टोकं दोन मुलांच्या हातात दिली. दोन्हीकडचं पाणी एका पातळीला येऊन थांबतं. पाया आखताना गवंडी हेच करतो. शाळेच्या भिंतीवरच्या 2019 च्या खुणेपासून निघायचं आणि नळीने तीच पातळी टप्प्याटप्प्याने गल्लीतून पुढे न्यायची, असं ठरलं.

पहिला दिवस वाया गेला. मारुतीच्या देवळापाशी पोचलो तर आमची रेघ तिथल्या खुणेपेक्षा 9 इंच वर. मुलं हिरमुसली. एकजण म्हणाला, देवळावरची खूणच चुकीची असणार. आबांनी नळी उन्हाकडे धरून बघितली आणि म्हणाले, "नळीत बुडबुडा ऱ्हायला की नळी खोटं बोलती." पाणी ओतून, नळी हळूहळू परत भरून दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. या वेळी फरक उरला चार बोटांचा. तो का उरला यावर आठवीची मुलं दोन तास भांडली. खूण घाईत काढलेली असेल, लाटेने वर गेली असेल, दर टप्प्याला आपण थोडं थोडं चुकलो असू. चूक कशी साठत जाते हे मला फळ्यावर इतकं नीट कधीच शिकवता आलं नव्हतं.

मग एके दुपारी सहावीतला एक मुलगा रस्त्यातच थांबला. एका घरावर खूण त्याच्या गुडघ्याला, समोरच्या घरावर डोक्याच्या वर, आणि नळी सांगतेय दोन्ही एकाच पातळीत. "मॅडम, पाणी सरळच हुतं की! जमीनच खालीवर हाय." मी वर्षानुवर्षं समोच्च रेषा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, शिकवतेय. त्या क्षणी त्या पोराने त्या स्वतः शोधल्या.

शाळेची पायरी शून्य धरली. देवळाची पायरी उणे 4 फूट 2 इंच निघाली. ऋण संख्या म्हणजे पायरीखालची जमीन, हे आता कुणालाच समजवावं लागत नाही. ओढ्यावर जाऊन वाळकी काटकी सोडली, सेकंद मोजले, रुंदी आणि खोली घेतली, क्युसेक काढले. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर, आमच्या शाळेच्या दोन बादल्या. कोयना धरणातून 50 हजार क्युसेक सोडले म्हणजे सेकंदाला लाख बादल्या. हे गणित मुलांनी आपणहून केलं आणि मग बराच वेळ गप्प बसली. मराठीच्या तासाला आजी-आजोबांच्या मुलाखती लिहिल्या. त्यात पुरात सोडलेल्या जनावरांबद्दल लिहिताना दोघींना रडू आलं. थांबवलं नाही मी.

म्हणजे धडे झाले, फक्त पुस्तकातल्या क्रमाने झाले नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी बैठकीतही मांडलंय: असा घटक एका दिवसाचा 'उपक्रम' करून चालत नाही. सकाळी साहित्य, दुपारी फोटो, संध्याकाळी अहवाल ग्रुपवर. एका अधिकाऱ्यांनी पहिल्याच दिवशी फोटो मागितले होते, तेव्हा आमच्या नळीत बुडबुडा होता. त्या दिवशी थांबलो असतो तर मुलं एवढंच शिकली असती की देवळावरची खूण चुकीची आहे. 2020 च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना 10 दिवस आहेत, सुतार, कुंभार, माळी अशा स्थानिक कारागिरांच्या हाताखाली शिकण्यासाठी. ते दहा दिवस सुटे सुटे उधळू नका. एकाच कामाला जोडा, आणि त्याच्या आगेमागे नेहमीचे तासही वापरा. सत्रात एकच घटक घ्या, पण तो पुरता करा.

लहान शाळेला हे जमणार नाही असं म्हणतात. मला उलट दिसतं. आमच्याकडे तासाची घंटा पुढे ढकलायला कुणाची परवानगी लागत नाही, सहावीचा आणि आठवीचा एकाच नळीची दोन टोकं धरतात, आणि गवंडी, सुतार, हळद शिजवणारे सगळे हाकेच्या अंतरावर आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांचं घराणं याच जिल्ह्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. हाताला काम देऊन शिकवणं आपल्या मातीला नवं नाही.

ते पालक परवा पुन्हा आले. त्यांच्या घरात धान्याची कोठी किती उंचावर बांधायची ते मुलांकडून मोजून हवं होतं. शनिवारी चौघं नळी घेऊन गेली, आबांना न घेता. येताना कागदावर दोन आकडे आणले, 2019 चा आणि 2021 चा, आणि वर एक फूट जादा धरलं होतं.

संक्रांतीनंतर हळद निघेल तेव्हा पुढचा घटक. ओली हळद शिजवून वाळवली की वजन किती उरतं, हे प्रत्येक घर अंदाजाने सांगतं. मुलांना ते रोज मोजायचंय. कुणाकडे चालू स्थितीतला जुना तराजू आणि मापं पडून असतील तर कळवा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन.