'सहा महिने सुट्टी, पाच तास काम' म्हणणाऱ्या त्या मेसेजला झेडपीच्या एका बाईचं उत्तर

मागच्या आठवड्यात तो मेसेज मला तीन ग्रुपवर आला. आधी माहेरच्या, मग म्हसरूळच्या आमच्या सोसायटीच्या, आणि तिसऱ्यांदा दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर, जिथे आम्ही सगळे झेडपीच्याच शाळेतून वर आलेले आहोत, तिथे तो बघून जास्त लागलं. मेसेज लांबलचक आहे, थोडक्यात असा की झेडपीच्या शिक्षकांना वर्षातून सहा महिने सुट्टी, दिवसाला पाच तास काम, पगार लाखाच्या घरात, राहायला शहरात, आणि पोरांना धड वाचता येत नाही, म्हणून या शाळा बंद करा आणि त्याच पैशात पोरांना खासगी शाळेत घाला. खाली हात जोडलेले आणि 'पटलं तर पुढे पाठवा'.

मला पटलं नाही म्हणून लिहितेय. २०१० पासून मी झेडपीत आहे, आत्ता पेठ तालुक्यात एका पाड्यावर, पहिली ते चौथी, आम्ही दोन शिक्षक, पट ४३. त्यातलं सगळंच खोटं आहे असं मी म्हणणार नाही, जे खरं आहे ते खरं म्हणेन.

आधी सुट्ट्या, कारण तिथे सरळ बेरीज-वजाबाकी आहे. वर्षात रविवार ५२. त्याशिवाय उन्हाळी, दिवाळी, सणवार सगळं धरून शाळेच्या सुट्ट्या ७६ च्या वर जाऊ द्यायच्या नाहीत असं शिक्षण विभाग दर वर्षी परिपत्रकात सांगतो. ३६५ मधून दोन्ही काढा, २३७ दिवस उरतात. आता सरकारी ऑफिस घ्या. २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला, म्हणजे शनिवार-रविवारच १०४, वर सार्वजनिक सुट्ट्या वीसेक, वर ३० दिवस अर्जित रजा आणि ८ किरकोळ. आम्हाला शनिवारी सकाळची शाळा असते, किरकोळ रजा १२ मिळते, पण मे महिन्याची सुट्टी मिळते म्हणून ती ३० दिवसांची अर्जित रजा आम्हाला नाही. तिकडे बेरीज १६० च्या पुढे जाते, आमची १४०. ऑफिसात काम करणाऱ्यांवर माझा राग नाही, माझा भाऊच कलेक्टर ऑफिसला आहे आणि मार्चमध्ये तो रात्री नऊला घरी येतो. पण सहा महिने हा आकडा कुठल्याच हिशोबात बसत नाही. आणि हो, मे महिन्याची सुट्टी मला मनापासून आवडते, माझी स्वतःची मुलं मला त्याच महिन्यात नीट भेटतात, त्यात लपवण्यासारखं काय आहे.

पाच तास काम. आरटीईमध्ये, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, शिक्षकाचे आठवड्याला ४५ तास लिहिलेत, तयारीचा वेळ धरून, ते एक बाजूला ठेवू. मी सकाळी आठला पेठ नाक्यावर उभी असते, आम्ही पाच जण मिळून एक इको लावलीय, सावळ घाट, मग कोटंबीचा घाट, पावसाळ्यात धुकं असलं की गाडी अक्षरशः चालत्या माणसाच्या वेगाने जाते, मुख्य रस्ता सोडल्यावर शेवटचा टप्पा सरांच्या बाईकवर. साडेदहाला शाळा भरते. तिसरी-चौथी माझ्याकडे, पहिली-दुसरी सरांकडे, म्हणजे एकाच खोलीत एका बाजूला भागाकार आणि दुसऱ्या बाजूला गुणाकाराची ओळख, एका वर्गाला लिहायला देऊन दुसऱ्याला शिकवायचं आणि कान दोन्हीकडे ठेवायचे. मधेच तांदूळ मोजून द्यायचा, पोराला १०० ग्रॅम, डाळ तेल मीठ मसाला वेगळं, सगळ्याची रजिस्टरला नोंद, आणि तीच नोंद पुन्हा मोबाईलवर, त्याला रेंज लागते आणि रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी येते. मेसेजमध्ये एक ओळ आहे की शिक्षक शाळेच्या वेळेत मोबाईल घेऊन फिरताना दिसतात. दिसतात. मी रोज दुपारी टाकीपाशी हात वर करून उभी दिसेन तुम्हाला, वर्गात पोरं एकटी असतात आणि माझा जीव तिथे असतो.

हे जरा सविस्तर सांगते कारण खरा ताण इथे आहे आणि त्याबद्दल त्या मेसेजमध्ये एक अक्षर नाही. शिकवण्याने मी कधी थकून घरी आले नाही. आरटीईच्या कलम २७ मध्ये लिहिलंय की शिक्षकाला जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून दुसरं बाहेरचं काम देऊ नये. पण निवडणूक म्हणजे मतदानाचा एक दिवस नाही, बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारे, असाल तर वर्षभर नमुना ६, नमुना ७, नमुना ८ आणि घरोघरी फिरणं. जानेवारी २०२४ मध्ये मराठा आरक्षणाचा सर्व्हे आला, तो मोबाईलवर भरायचा, आठ-दहा दिवस शाळेत एकच शिक्षक. नवसाक्षरांचा सर्व्हे, शाळाबाह्य मुलांचा सर्व्हे, यूडायसवर शाळेची माहिती, मुलांचे अपार आयडी, झाड लावल्याचा फोटो, वाचन करतानाचा फोटो, हात धुतल्याचा फोटो, आणि प्रत्येकाची लिंक 'आज चार वाजेपर्यंत'. त्यात आधारचं सगळ्यात अवघड. पोराचं नाव शाळेत एक, आधारवर दुसरं, जन्मसाल वेगळं, आणि आधार जुळलं नाही तर संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, ते पोर मोजलंच जात नाही, म्हणजे माझ्या वर्गात समोर बसलेलं, रोज 'बाई बाई' करणारं पोर कागदावर नाही, आणि अशी काही पोरं कमी झाली की शिक्षकाचं पद जातं. ती दुरुस्ती करायला आईला मजुरी बुडवून पोराला घेऊन पेठला जावं लागतं, सेंटरवर लाईट नसली की परत यायचं. एका आईला मी असं तीनदा पाठवलंय. तिसऱ्यांदा सांगताना माझी मान वर होत नव्हती.

पगार. माझा पगार आज चांगला आहे आणि वेळेवर होतो, म्हसरूळच्या फ्लॅटचा हप्ता त्यातूनच जातो, हे मान्य. पण लाखाचा आकडा सगळ्यांना लावू नका. मी शिक्षणसेवक म्हणून लागले तेव्हा महिना ३००० रुपये मानधन होतं, हातात डीएड, घरी लहान बाळ, आणि तीन वर्षं मानधनावरच. आत्ता २०२३ पासून प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला १६००० मिळतात, तेही टीईटी ही पात्रता परीक्षा आणि मग अभियोग्यता परीक्षा देऊन, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर वाट बघून बघून, आणि तीन वर्षं काढल्यावर मूळ वेतन सुरू होतं २९२०० पासून. शिवाय १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, मार्च २०२३ चा संप आठवत असेल तर तो त्याच्यासाठी होता.

आणि 'खासगीतले शिक्षक निम्म्या पगारात दुप्पट काम करतात' हे वाक्य वाचून मला सगळ्यात जास्त राग आला, कारण माझी जाऊ शहरातल्या एका खासगी इंग्रजी शाळेत शिकवते. हातात अकरा हजार. वर्गात अट्ठेचाळीस मुलं, रात्री दहाला पालकांचे मेसेज की माझ्या मुलाला दुसऱ्या बाकावर का बसवलं, सकाळी व्हॅनमध्ये ड्युटी, आणि मे महिन्याचा पगार नाही, जूनमध्ये पुन्हा नवीन ऑर्डर. ती माझ्यापेक्षा चांगलं शिकवते, मी तिच्याकडून फ्लॅशकार्ड बनवायला शिकले. तिला अकरा हजार मिळतात ही चांगली गोष्ट म्हणून दाखवायची आणि माझा पगार तिच्याएवढा आणा म्हणायचं, याच्यात पोरांचं भलं कुठे आलं?

राहायला शहरात, हे खरं आहे. मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावीच, राहायचा नियम आहे आणि आमच्यातले बरेच जण राहत नाहीत, मीही नाही. पाड्यावर भाड्याने खोली मिळत नाही, पहिली चार वर्षं मी तालुक्याला राहिले, मग मुलांच्या शाळेसाठी नाशिकला आले. गावात राहणारा शिक्षक गावाला जास्त कळतो, हे मला माहीत आहे आणि ते मनाला टोचतं. तसंच जे शिक्षक खरंच शाळेत जात नाहीत, किंवा गावातल्याच एखाद्या बारावी झालेल्या पोराला दोन-तीन हजार देऊन आपल्या जागी उभं करतात, त्यांच्यावर कारवाई व्हायलाच पाहिजे, त्यांची बाजू मी घेणार नाही, त्यांच्यामुळेच हे मेसेज चालतात.

शाळा बंद करा. २०२२ ला इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची शाळा बंद व्हायची वेळ आली तेव्हा तिथली मुलं बकऱ्या घेऊन नाशिकला झेडपीवर आली होती, दप्तर घ्या आणि बकऱ्या द्या म्हणत. पाड्यावरची शाळा गेली की पोर दुसऱ्या खासगी शाळेत जात नाही, ते बकऱ्यांमागे जातं किंवा धाकट्या भावाला कडेवर घेऊन मळ्यात जातं, हे त्या मुलांना त्या मेसेजवाल्यापेक्षा जास्त कळलं होतं. आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यातली हिवाळीची शाळा बघा, तीही झेडपीचीच, वर्षाचे ३६५ दिवस चालते, पोरं दोन्ही हातांनी लिहितात. सगळ्या शिक्षकांनी ३६५ दिवस यावं असं मी म्हणणार नाही, ते प्रत्येकाच्या संसारात बसणारं नाही, पण झेडपीत काही होऊच शकत नाही असं म्हणणाऱ्याने निदान ती बघून यावी.

राहिलं वाचनाचं, ते मुद्दाम शेवटी ठेवलं. असर, म्हणजे गावोगावी मुलांचं वाचन-गणित तपासणारी पाहणी, तिचे अहवाल मी वाचते. तिसरीतल्या अर्ध्याहून जास्त मुलांना दुसरीचा उतारा नीट वाचता येत नाही, आणि माझ्या वर्गातही अशी पोरं आहेत, त्यांची नावं मला रात्री झोपताना आठवतात. पण का, ते पण बघा ना. आमच्याकडे घरात कोकणा बोलतात. मुलगा म्हणजे पोसा, मुलगी म्हणजे पोसी. पहिलीतलं पोर पुस्तकातली मराठी ऐकतं तेव्हा ती त्याच्यासाठी जवळपास परकी भाषा असते, मी नवीन आले तेव्हा 'मुलगी' म्हटलं की पोरं एकटक बघत राहायची, मग मी पोरांकडूनच शब्द शिकले, वहीच्या मागे लिहून ठेवले, अजून शिकतेय, चुकलं की अख्खा वर्ग हसतो आणि मला ते हसणं फार आवडतं. आणि दिवाळी झाली, नागली घरात आली की निम्मा पाडा दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या कामाला निघतो. आम्ही पोरांना शिक्षण हमी कार्ड देतो, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेत बसता यावं, पण मळ्यापासून शाळा लांब असते आणि आई डिपिंगला, म्हणजे द्राक्षाचे घड औषधात बुडवायला, गेली की धाकट्याला कोण बघणार. दोन-अडीच महिन्यांनी पोर परत येतं तेव्हा जोडाक्षरं गेलेली असतात, पुन्हा पहिल्यापासून.

गेल्या वर्षी चौथीतली एक पोसी अशीच आईबरोबर दिंडोरीला गेली आणि संक्रांतीनंतर परत आली. चार दिवसांनी तिची आई शाळेत आली, पदराखाली नागलीच्या दोन भाकरी आणि मुलीची गणिताची वही. मला वाटलं काहीतरी तक्रार आहे. तर झालं असं होतं की त्यांच्या टोळीने एकरी उक्तं काम घेतलं होतं, पैसे हजेरीप्रमाणे वाटायचे, आणि मुकादमाच्या वहीत आईच्या हजेऱ्या ४७ निघाल्या. पोरगी म्हणाली पन्नास. तिने वहीच्या शेवटच्या पानावर रोज एक रेघ मारली होती, चार उभ्या आणि पाचवी त्यांच्यावरून आडवी, जसं मी तिसरीत काड्यांचे गठ्ठे करून शिकवलं होतं तसं. मुकादमाने आधी ऐकलं नाही, मग टोळीतल्या बायकांनी दिवस आठवून आठवून सांगितले, पाऊस कधी पडला, डिपिंग कुठल्या मळ्यात होतं, आणि तीन हजेऱ्या निघाल्या. एका हजेरीला ३८० रुपये पडले होते. अकराशे चाळीस रुपये त्या बाईच्या हातात आले.

ती वही माझ्यापुढे उघडून उभी राहिली, बोलली काहीच नाही. पोरगी दाराआड. पान मळलेलं होतं, एका कोपऱ्याला द्राक्षाच्या औषधाचा निळा डाग. मी बोट ठेवून एकेक गठ्ठा मोजला, दहा होते, पन्नासच.