तिकडे तरी कुठे सगळं चालत होतं?

समलिंगी लग्नाचा विषय निघाला की घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी हमखास लिहितं, ही तिकडची थेरं, तिकडे सगळं चालतं. मी तिकडेच राहते, इंग्लंडमध्ये. असं वाटणाऱ्या सगळ्यांनी चॅनल फोर या इथल्या वाहिनीची २०२१ ची 'इट्स अ सिन' (म्हणजे 'हे पाप आहे') ही मालिका बघा, ऐंशीच्या दशकातल्या लंडनमधल्या समलिंगी तरुणांची, पाचच भाग आहेत, आणि त्यातली गाणी नीट ऐका.

मालिकेचं नावच पेट शॉप बॉइज या इंग्लिश जोडगोळीच्या १९८७ च्या गाण्यावरून घेतलंय. त्यांचा गायक नील टेनंट कॅथलिक शाळेत शिकलेला, जे करशील ते पापच असं लहानपणापासून ऐकलेलं, त्यातून आलेलं हे गाणं इथे नंबर वन झालं, लोक त्यावर नाचले, आणि पुढच्याच वर्षी थॅचरबाईंच्या सरकारने सेक्शन २८ हे कलम आणलं, म्हणजे कौन्सिलने, आपल्या नगरपालिकेसारख्या संस्थेने, समलैंगिकतेला 'प्रोत्साहन' द्यायचं नाही, त्यामुळे शाळांमधले शिक्षकही गप्प. इंग्लंडमध्ये ते २००३ पर्यंत होतं! त्याआधी १९८४ ला फ्रँकी गोज टू हॉलिवूड या बँडचं 'रिलॅक्स' हे गाणं अश्लील म्हणून बीबीसी रेडिओ वनने वाजवायचं बंद केलं होतं, तरी ते नंबर वन झालंच. त्याच वर्षी ब्रॉन्स्की बीट या बँडचं 'स्मॉलटाउन बॉय' आलं, गाव सोडून निघालेल्या समलिंगी पोराचं.

मालिकेतला रिची तसाच, १९८१ ला आइल ऑफ वाइट या बेटावरून लंडनला येतो, घरी काही सांगत नाही. पुढे एड्स होतो तेव्हा आई त्याला घरी घेऊन जाते आणि मित्रमैत्रिणी बेटावर येऊन थांबले तरी त्यांना भेटू देत नाही, शेवटपर्यंत नाही. खूप रडले मी. ती आई मला जराही परकी वाटली नाही, पोरावर जीव आहे तिचा पण लोक काय म्हणतील हे त्याहून मोठं झालंय, आणि अशा आया मी आपल्याकडे पाहिल्यात.

आणि थेरं तिकडची म्हणता तर समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम कुणी आणलं, १८६० च्या इंग्रजांच्या कायद्यानेच ना? संमतीच्या संबंधांपुरतं ते आपल्या सुप्रीम कोर्टाने २०१८ ला रद्द केलं. उलट रिची लंडनला उतरतो त्याच १९८१ मध्ये विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक आपल्या रंगभूमीवर आलं, एका मुलीचं दुसऱ्या मुलीवरचं प्रेम, अस्सल मराठीत.

२०२३ ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी लग्नाचा प्रश्न संसदेवर सोडला, तेव्हापासून आपला समाज अजून तयार नाही हे फार ऐकू येतं. इथला समाज तरी १९८४ ला कुठे तयार होता, गाणी करणारे थांबले नाहीत. मला मराठीत अशी मालिका हवीय, ऐंशीच्या दशकातल्या गिरगावची, तेव्हाच्या गाण्यांसकट, आणि ती रात्री आठला आजी-आजोबांसकट सगळ्यांनी एकत्र बसून बघावी अशी.