पावसावर ढकलू नका

आज दुपारी जेवताना मोबाईलवर कंपनीचं उत्तर आलं. इंग्रजीत, साडेचार ओळी. माझ्या मोटरसायकलच्या स्विंगआर्मवर, म्हणजे मागचं चाक धरून ठेवणाऱ्या लोखंडी भागावर, आलेला गंज 'एन्व्हायर्न्मेंटल फॅक्टर्स'मुळे आहे, मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट नाही, सबब वॉरंटीत बसत नाही. खाली 'धन्यवाद'. पुढचा घास गेला नाही.

हात धुतले आणि तसाच शोरूमला गेलो. म्हटलं, एन्व्हायर्न्मेंटल म्हणजे नेमकं काय ते तरी सांगा. तिथले साहेब म्हणाले, "सर, आपल्या बेळगावात पाऊस लई असतोय न्हवं. त्यानं येतोय तो. सगळ्यांच्याच गाडीला येतोय."

सगळ्यांच्याच गाडीला येतोय! हे ते मला समजूत घालायला सांगत होते. आणि बेळगावात पाऊस असतो हे पाडव्याला गाडी विकताना माहीत नव्हतं काय? तेव्हा हार घातला, पेढा दिला, फोटो काढला, ऑन रोड १ लाख ८२ हजार मोजून घेतले. 'ही गाडी पावसात चालवायची नाही' असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी घेतली असती काय? खाऱ्या हवेनं गंज आला म्हणावं तर समुद्र आपल्यापासून घाटाच्या पार खाली, गोव्यात. माझी गाडी रोज हिंदवाडी ते उद्यमबाग जाते, रविवारी कधीतरी खानापूर. एवढाच तिचा प्रवास.

बोलायचं होतं ते वेगळंच आहे. बाबांबद्दल.

खंडेनवमीला सकाळी आम्ही गाड्या पुसत होतो. आमच्याकडे बाबांची येझदी मोटरसायकल आहे, १९८४ ची, म्हैसूरच्या आयडियल जावाच्या कारखान्यातली. तिचा मान पहिला. मग माझी नवी. बाबा जुन्या बनियनच्या कपड्यानं मागच्या चाकाजवळ पुसत होते आणि मधेच थांबले. त्यांनी कपडा खाली ठेवला आणि स्विंगआर्मच्या वेल्डिंगच्या सांध्यावरनं नुसता अंगठा फिरवला. एकदा, परत एकदा.

"काय बघालासा, बाबा?"

"काही न्हाई," म्हणाले. आणि झेंडूचा हार हँडलला घालायचा तो तिथं, त्या सांध्यावर अडकवला.

पूजा झाली, कोहळा फोडला, चाकाखाली लिंबू चिरडले, शेजारच्यांनी गाडी बघून कौतुक केलं. संध्याकाळी मी हार बाजूला करून बघितलं तेव्हा मला दिसलं. तांदळाच्या दाण्याएवढे तीन फोड. रंग वरनं अखंड, चकचकीत काळा, एक ओरखडा नाही. खाली फुगलेलं. सहा महिने झाले होते गाडीला.

बाबांनी ३१ वर्षं उद्यमबागेत फौंड्रीत फेटलिंग केलं. ओतीव काम घासून साफ करायचं. त्यांचा डोळ्यापेक्षा अंगठ्यावर जास्त विश्वास. सणाच्या दिवशी पोराचा हिरमोड नको म्हणून त्यांनी तो हार तिथं घातला, हे मला नंतर कळलं आणि त्याचं मला गाडीपेक्षा जास्त लागलं.

आता मी कोण हे सांगणारा, असं कुणी विचारेल. माझ्या मित्रांना माहीत आहे, मी पावडर कोटिंगचं जॉबवर्क करतो. सात टाक्या आहेत माझ्या शेडमध्ये. तेल काढायचं, धुवायचं, गंज काढायचा, परत धुवायचं, मग फॉस्फेटिंग. त्यानंतर पावडर, आणि मग १८० ते २०० अंशांच्या ओव्हनमध्ये भाजणं. गिऱ्हाइकाला शेवटचा रंग दिसतो, पण माल टिकतो तो आधीच्या टाक्यांवर. रंग लोखंडाला धरून राहतो तो खालच्या त्या राखाडी फॉस्फेटच्या थरामुळं. आणि सगळ्यात त्रास देतो वेल्डिंगचा सांधा. तिथं वेल्डिंगचा मळ असतो, काचेसारखे बारीक कण असतात, स्पॅटर, म्हणजे उडून चिकटलेले लोखंडाचे थेंब असतात. ते घासून काढलं नाही तर तेवढ्या जागेवर फॉस्फेट धरत नाही आणि रंग नुसता वर पडून राहतो. त्या दिवशी काही दिसत नाही. सहा महिन्यांनी दिसतं.

दगड उडून टवका गेला की गंज वरनं सुरू होतो. मध्ये टवका दिसतो आणि गंज त्याच्या कडेनं पसरत जातो. ती माझी चूक, माझा रस्ता, माझं नशीब, मान्य. पण वर टवका नाही, ओरखडा नाही आणि खाली फोड, तोही बरोबर वेल्डिंगच्या रेषेवर, हा पावसानं केलेला उद्योग नाही. पावसानं फक्त आत काय होतं ते बाहेर काढलं.

एक फोड मी नखानं उचलला. रंगाची साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी अखंड निघाली. उलटी करून बघितली. आतल्या बाजूला तांबडी धूळ, आणि खाली वेल्डिंगचा मणी तसाच काळपट, खरखरीत, फॉस्फेटचा राखाडीपणा कुठं नाही. शेजारी चिकटपट्टी लावून खेचली तर आणखी नखाएवढा रंग पट्टीबरोबर आला. माझ्याकडचं रंगाच्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये मोजायचं मशीन लावलं. सपाट जागेवर ८५, सांध्याच्या कडेला ४०. हे सगळं मी फोटोसकट पाठवलं होतं. बघायला हुबळीहून जे इंजिनिअर आले त्यांनी काय केलं? उभ्या उभ्या मोबाईलवर दोन फोटो काढले. वाकलेसुद्धा नाहीत. बाबा तिथं उभे होते. ते म्हणाले, "साहेब, हात लावून तरी बघा की." त्यांनी हात लावला नाही.

७६ वर्षांच्या माणसानं सांगितलं, हात लावून बघा. एवढंच मागितलं होतं.

हो, मी गाडी दोनदा वॉशिंग सेंटरला प्रेशरनं धुतली आहे आणि तिथं कसला साबण वापरतात ते मला चांगलं माहीत आहे. ते नको होतं करायला. आणि येझदीचे सायलेन्सरही गंजून गेलेच होते, बाबांनी दोनदा बदलले. जुनं ते सगळं सोनं, असं माझं म्हणणं नाही. पण सायलेन्सरमध्ये इंजिनाच्या धुरातलं पाणी साठतं, तो आतनं सडणारच. स्विंगआर्म कशानं सडतो? आणि येझदीच्या टाकीच्या बाजूचा क्रोम आजही असा आहे की बाबा त्यात बघून टोपी सरळ करतात. क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, गंज थांबवतो तो त्याच्याखालचा निकेलचा थर. तो कुणीतरी म्हैसुरात मनापासून दिला होता. कारखाना १९९६ ला बंद पडला, काम अजून टिकून आहे.

बुकलेट काढून वाचलं. इंजिनाची वॉरंटी पाच वर्षं, मोठ्या अक्षरात. मागच्या पानावर बारीक अक्षरात वगळलेल्या गोष्टींची यादी, त्यात टायर, ब्रेक पॅड, बल्ब आणि मध्येच 'रस्टिंग'. म्हणजे तुम्ही रंगाचं काम कसंही करा, त्याला कुणी विचारायचं नाही. माझ्याकडं शेतकरी ट्रॉलीचं सामान रंगवायला आणतो. त्याचा रंग सहा महिन्यांत सोलला तर तो सरळ शेडमध्ये आणून टाकतो आणि मी गुपचूप परत करून देतो, माझ्या खर्चानं. कागद नाही, बुकलेट नाही. मला पाऊस सांगायला तोंड आहे काय? तो चिखलात काम करतो म्हणूनच रंग मागतो.

कोल्हापूरचे पाहुणे म्हणाले, "तिकडं तुम्हाला कोण विचारतंय, मराठी बोलणाऱ्यांना. आमच्याकडं घ्यायची होती." मला हे पटत नाही आणि इथं मुद्दाम लिहितो. आज शोरूममध्ये माझ्या शेजारी बैलहोंगलचे एक कन्नड काका उभे होते. तीच गाडी, तोच सांधा, तसेच फोड. त्यांना कन्नडमध्ये पाऊस सांगितला, मला मराठीत. चंदगडच्या मित्राची गाडी एमएच ०९, म्हणजे कोल्हापूर पासिंगची आहे, तिलाही तेच. यात भाषा आणू नका. आणली की आपण आपापसात बोलत बसतो आणि स्विंगआर्म बाजूला राहतो. उलट काकांनी माझा नंबर घेतला, मी त्यांचा घेतला.

चूक माझीही एक आहे, ती तुम्ही करू नका. मी पहिल्यांदा तक्रार घेऊन गेलो तेव्हा सर्व्हिस ॲडव्हायजरनं जॉबकार्डवर, म्हणजे गाडीची तक्रार नोंदवायच्या कागदावर, 'जनरल चेकअप' लिहिलं आणि मी न वाचता सही केली. आता ते म्हणतात पहिली तक्रार नोव्हेंबरची, आधीची नोंदच नाही. जॉबकार्डवर तुमचं म्हणणं तुमच्या शब्दांत लिहून घ्या, 'वेल्डिंगच्या जागी रंग फुगला आहे' असं, आणि कॉपी घेतल्याशिवाय तिथनं हलू नका. त्या ॲडव्हायजर पोरावर मी आज मोठ्यानं ओरडलो. तो येळ्ळूरचा पोरगा, बावीस-तेवीसचा. पार्किंगपर्यंत मागं आला आणि म्हणाला, "दादा, आमाला तसंच लिवायला सांगतात वो." त्याच्यावर ओरडायला नको होतं. उद्या जाऊन त्याला सांगणार आहे.

पण ज्यांनी त्याला तसं लिहायला सांगितलं त्यांना मी सोडणार नाही.

१९१५ या नंबरच्या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार घातली होती, त्यावरच हे साडेचार ओळींचं उत्तर आलं. आता जिल्हा ग्राहक आयोग. बरेच जण म्हणतात, कोर्टाची पायरी कशाला. अहो, २०१९ चा कायदा आहे, २० जुलै २०२० पासून लागू आहे, त्यात आपण राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. कंपनीचं ऑफिस कुठल्या का गावात असेना. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं. आणि दोष नुसता बघून कळत नसेल तर आयोग वस्तू लॅबला पाठवू शकतो. त्या तपासणीचे पैसे आधी आपल्यालाच भरायला लावतात, वेळही लागतो, तारखा पडतात, हे खरं आहे. एका स्विंगआर्मची किंमत त्यापेक्षा कमी असेल, तेही खरं. मला ते शेडमध्ये एका दुपारी घासून, टाक्यांतनं काढून, भाजून घेता येईल. बायकोही तेच म्हणते.

पण मी रंगवलं की पुरावा गेला. आणि मग बाबांचा अंगठा खोटा ठरला. तो मला खोटा ठरू द्यायचा नाही.

बाबांना आज उत्तर वाचून दाखवलं, मराठीत सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाऊस म्हणालेत व्हय? मग येझदी कुठल्या गावात होती इतकी वर्षं?" आणि उठून बाहेर गेले.

तर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, चंदगड, कुणाच्याही गाडीला मागच्या स्विंगआर्मच्या सांध्यावर किंवा मेन स्टँडच्या वेल्डिंगवर असे फोड असतील तर मला मेसेंजरवर फोटो पाठवा. दिवसाउजेडी काढा. फोड फोडू नका, तसाच राहू दे. शेजारी रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो. गाडी कधी घेतली ती तारीख आणि जॉबकार्ड असेल तर त्याचाही फोटो. बैलहोंगलच्या काकांचे आले आहेत. आमच्या गाडीचे बाबा आत्ता बाहेर टॉर्च लावून काढत बसलेत. त्यांना सांगतो, उद्या उजेडात काढू.