घंटांची पानं गाळू नका
डोरोथी सेयर्सच्या ‘द नाइन टेलर्स’ (१९३४) या रहस्यकादंबरीतली चर्चच्या घंटावादनाची पानं गाळून वाचा, हा एका लेखातला सल्ला काही पटला नाही बुवा. पहिल्या खेपेला मीही तेच केलं आणि शेवटचा उलगडा पार डोक्यावरून गेला. दुसऱ्यांदा वही-पेन्सिल घेऊन बसलो. त्या घंटावादनात चाल वाजवायची नसतेच. आठ घंटा दर फेरीला क्रम बदलतात, एक घंटा एका वेळी फार तर एकच जागा सरकते आणि येऊन गेलेला क्रम पुन्हा येता कामा नये. आठांचे क्रम होतात ४०,३२०! मेरुखंडाचे, म्हणजे तेच स्वर क्रम बदलून गाण्याचे, पलटे घोटलेल्यांना तर ही पानं मेजवानीच वाटतील. कालव्यांची नि पाण्याच्या दारांची वर्णनं मात्र मीही चाळलीच, खोटं कशाला बोलू?