खरेदीखत २५० मायक्रॉनमध्ये? थांबा ना बाप्पा!

काल संध्याकाळी दुकान बंद करायच्या टायमाला आमचे मोठेबाबा पिशवी घेऊन हजर. पिशवीत आजोबाच्या नावाचं १९६८ चं वावराचं खरेदीखत, घड्यांवर फाटून चार तुकडे व्हायला आलेलं. म्हणे, "हे २५० मायक्रॉनात पक्कं करून दे, मंग शंभर वर्ष पाहाचं काम नाही." म्हणजे लॅमिनेशन करून दे, अन् मायक्रॉन ही त्या प्लास्टिकच्या फिल्मची जाडी, एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मी म्हटलं, हे कोनं सांगितलं तुमाले? तर त्याईनं मोबाईल पुढं केला. तोच मेसेज, जो आठ दिवसांपासून तालुक्यातल्या हरेक ग्रुपवर फिरून राहिला. लॅमिनेशन जितकं जाड तितकं चांगलं, नेहमी २५० च मागा, १२५ लावणारा दुकानदार लुटते, जाड फिल्ममध्ये पाणी शिरत नाही, आणि जुने ओरिजनल कागद, मार्कशीट, सातबारा, पावत्या सगळं लॅमिनेट केलं की शंभर वर्षं टिकते. खाली हात जोडलेले, पुढे पाठवा.

मी झेरॉक्सचं दुकान चालवतो, लॅमिनेशन केलं तर पैसे मलेच भेटतात. तरी नाही म्हणून राहिलो, म्हणून ऐका.

आधी ते लुटण्याचं, कारण ते मले लागलं. पाऊचवरचा, म्हणजे कागद आत घालायच्या प्लास्टिकच्या पाकिटावरचा, आकडा बहुतेक एका बाजूच्या फिल्मचा असतो, पण काही पाकिटांवर दोन्ही बाजू मिळून लिहितात, म्हणजे एकाचं २५० अन् दुसऱ्याचं १२५ हे एकच निघू शकते. विचारून घ्या, भांडू नका. आता एका बाजूला खरंच २५० लावलं तर हिशोब करा, दोन बाजूचे ५०० अन् आपल्या साध्या झेरॉक्स कागदाचे १०० च्या आसपास, झाले ६०० मायक्रॉन. एटीएम कार्ड ७६० चं असते. म्हणजे ए-फोर साइजचं एटीएम कार्ड बनवून खिशात कसं ठेवता ते सांगा. शिवाय लहान मशीनला एवढी जाड फिल्म झेपत नाही, आतला गोंद नीट वितळत नाही अन् कडेला दुधासारखे पांढरे डाग राहतात. मग गिऱ्हाईक म्हणते मशीन खराब हाय.

पाण्याचं म्हणाल तर पाणी जाडीनं अडत नाही, कडेनं अडते. कागदाच्या चारही बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर प्लास्टिक प्लास्टिकला चिकटलेलं पाहिजे. लोक घरी नेऊन कैचीनं कागदालगत कापतात, मग ५०० मायक्रॉन असो की हजार, पाणी कडेनं शिरतेच.

पावत्या. अरे देवा. गेल्या हंगामात एक पोट्टा जिनिंगवरच्या काट्याची पावती घेऊन आला, लॅमिनेट कराच म्हणून अडून बसला. तो थर्मल कागद होता, गरम झाला की काळा पडणारा, अन् मशीनचे रोलर शंभर डिग्रीच्या वर तापलेले. दाखवायला कोपरा नखानं घासला, काळी रेघ उमटली, तेव्हा कुठं त्याले पटलं. मशीनमधून काढली असती तर वजन, तारीख, सगळं कोळसा. बियाण्याच्या बिलाचंही तेच, नखानं काळं होत असेल तर फक्त झेरॉक्स काढा.

सातबारा लॅमिनेट करणाऱ्याले तर मी हात जोडतो. डिजिटल सहीचा ताजा सातबारा ऑनलाइन १५ रुपयांत निघते, बँकेला ताजाच लागते, जुना जपून काय लोणचं घालता?

आता खरेदीखत. कोणता मायक्रॉन हा प्रश्नच इथं चुकीचा आहे, ओरिजनल कागद लॅमिनेट करायचाच नसतो. एकदा गोंद कागदात मुरला की परत निघत नाही, काढायला गेलं तर शाई अन् कागदाचा पापुद्रा सोबत सोलून येते. मागं नवा शिक्का मारायचा तर प्लास्टिकवर शाई धरत नाही, अन् उद्या सहीवरून कोर्टात वाद झाला तर शाई तपासणार कशी? वरून जुन्या कागदातलं आम्ल आतच कोंडते, बाहेरून चकाचक अन् आतून कागद पिवळा ठिसूळ होतच राहते. हे मी मनानं सांगून नाही राहिलो. अमेरिकेचं राष्ट्रीय अभिलेखागार, जिथं त्यांचं स्वातंत्र्याचं जाहीरनामापत्र ठेवलं आहे, तेच लोक सांगतात की लॅमिनेशन करू नका, उष्णता अन् दाबानं कागदाचं नुकसान होते अन् ते उलटवता येत नाही. त्यांच्याजवळ मशीन नसन का?

मोठेबाबा म्हणे, मंग फाटू देऊ का? फाटू कशाले देता. न चिकटणाऱ्या पारदर्शक पॉलिस्टरच्या फोल्डरात उघडं करून ठेवा, घडी नको, सेलोटेप तर मुळीच नको. स्कॅन करून ठेवा. अन् दस्त नंबर पाहून दुय्यम निबंधक कार्यालयातून सही-शिक्क्याची नक्कल काढा, नोंदणी कायदा १९०८ च्या कलम ५७ मध्ये त्याची सोय आहे. लॅमिनेट करायचंच तर त्या खरेदीखताची झेरॉक्स करा.

एक गोष्ट मात्र मान्य करतो, रोज हाताळायच्या वस्तूला जाड फिल्म टिकते. शाळेतल्या लेकरांचे अक्षरांचे कार्ड, गळ्यातलं ओळखपत्र, यांना १२५ किंवा १७५ लावा, बिनधास्त. भिंतीवरच्या तक्त्याला ७५-८० पुरते, घडी घालायची असली तर पातळच बरी, जाड फिल्म घडीवर पांढरी पडून तडकते.

एवढं ऐकून मोठेबाबांनी खरेदीखत पिशवीत टाकलं अन् खिशातून शेतातल्या लाइनचं टाइमटेबल काढलं, कोणत्या वारी दिवसा अन् कोणत्या वारी रात्री. स्टार्टरच्या पेटीवर लटकवायचं होतं. ते दिलं करून, १२५ मध्ये, कडा सोडून, दोरीचं भोक कागदाबाहेर पाडून. त्याईनं ते हातात वाकवून पाहिलं अन् विचारलं, "हे २५० च हाय ना?"