वासरांना पेंड घालू नका म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गोठेवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतो. सार असं: सोयाबीन पेंड, चुनी (तुरीची डाळ करताना उरणारा चुरा), डीडीजीएस (धान्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा) हा कारखान्यांचा कचरा, तो वासरांना घालू नका, परदेशात मॅड काऊ रोग अशाच खाद्यातून आला, वासराला सहा महिने फक्त दूध पाजा, आणि द्यायचीच झाली तर आपली सरकी पेंड द्या. यातला शेवटचा सल्ला वासराच्या जिवावर बेतणारा आहे, म्हणून आधी तोच घेऊ.

सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं. मोठ्या गाई-म्हशींच्या पहिल्या पोटात, म्हणजे रूमेनमध्ये, ते बऱ्याच अंशी प्रथिनांना बांधलं जातं, म्हणून दुभत्या जनावराला बेताची सरकी पचते. वासराचं हे पोट अजून तयारच झालेलं नसतं. विष अंगात भिनतं, हृदय आणि यकृत खराब होतं, आणि कालपर्यंत धडधाकट दिसणारं वासरू धापा टाकत मरू शकतं. आणि सरकी पेंड तरी येते कुठून? तीही ऑइल मिलमधूनच ना!

आता ‘कचरा’. सोयाबीनमध्ये तेल १८ ते २० टक्के. ते काढून घेतल्यावर उरलेल्या पेंडीत ४५ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. तेल काढायला हेक्झेन नावाचं रसायन वापरतात हे खरं, पण नंतर वाफेची उष्णता देऊन ते उडवून लावतात. त्याच उष्णतेत सोयाबीनमधला, प्रथिनं पचू न देणारा घटक निकामी होतो. घरचं कच्चं सोयाबीन भरडून घातलंत तर वासराला हगवण लागेल. कारखान्यातून आलेली पेंड त्याला पचते.

मॅड काऊ ब्रिटनमध्ये १९८६ साली ओळखला गेला. तो पसरला गुरांच्याच मांस-हाडांच्या भुकटीतून, आणि ती भुकटी वासरांच्या खुराकातही मिसळली जायची. १९८८ साली तिथे रवंथ करणाऱ्या जनावरांना ती घालायला बंदी आली. सोयाबीनच्या किंवा तुरीच्या दाण्याचा त्या रोगाशी काडीचाही संबंध नाही.

सहा महिने फक्त दूध, हा सल्ला ऐकायला मायेचा वाटतो, पण त्यात वासराचं नुकसान आहे. वासरू दूध पितं तेव्हा ते रूमेनला वळसा घालून थेट चौथ्या पोटात जातं. रूमेनची वाढ होते ती कोरड्या खुराकाने: दाणा तिथे आंबतो, त्यातून तयार होणाऱ्या आम्लांमुळे आतल्या अस्तरावर बोटांसारखे उंचवटे फुटतात, आणि पुढे चाऱ्यातलं सत्त्व तेच शोषून घेतात. म्हणून जन्मल्या जन्मल्या पोटभर चीक, मग दूध चालू ठेवून दुसऱ्या आठवड्यापासून काफ स्टार्टर, म्हणजे वासरांसाठीचं भरड्या-पेंडीचं कोरडं मिश्रण. दूध पिऊन झालं की मूठभर मिश्रण वासराच्या नाकपुडीला आणि ओठांना चोळा. ते चाटता चाटता खायला शिकतं. शेजारी स्वच्छ पाणी हवंच.

काफ स्टार्टर घरी करायचं तर १०० किलोत मक्याचा भरडा ५०, सोयाबीन पेंड ३०, गव्हाचा कोंडा १७, खनिज मिश्रण २ आणि मीठ १ किलो. यात सुमारे २० टक्के प्रथिनं बसतात. वासरू सलग तीन दिवस रोज किलोभर खायला लागलं की दूध हळूहळू तोडता येतं. कालवड माजावर येते ती मुख्यतः वजनावर. वाढीच्या वयात प्रथिनं तोडलीत तर ती उशिरा गाभण राहील आणि तेवढे महिने तुम्ही तिला फुकट पोसाल.

एका गोष्टीबद्दल मात्र मेसेजवाल्यांना भीती वाटत असेल तर ती रास्त आहे: बुरशी. शेंगदाणा पेंड आणि मका ओलीला पडले की अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष तयार होतं. इथेनॉलसाठी धान्यातला स्टार्च निघून गेल्यावर उरणाऱ्या डीडीजीएसमध्ये तर मूळ धान्यातलं हे विष जवळपास तिप्पट होतं. स्वस्त मिळते म्हणून डीडीजीएस वासरांच्या घमेल्यात ओतू नका. पेंडीचा तुकडा मोडून बघा; कुबट वास आला किंवा आत हिरवट-काळे ठिपके दिसले तर ती कुठल्याच जनावराला नको. पोती भिंतीला न टेकवता फळीवर ठेवा. आणि मोठ्या गुरांची गोळी पेंड वासरांना देऊ नका, तिच्यात युरिया असू शकतो आणि तो पचवायला लागणारं रूमेन त्यांच्यापाशी अजून नसतं.