‘तिच्या’तली ति लघू की गुरू?

अठ्ठेचाळीस अक्षरं. चार ओळी, ओळीला बारा, वृत्त भुजंगप्रयात. सकाळी सातला, चहा उतू जाऊ देऊन केलेली. त्यावर पावणेआठला आमच्या तळमजल्यावरच्या काकांचा एकच निरोप आला : ‘‘मात्रा चुकली. उत्तर वीज. सुप्रभात.’’ खाली दव पडलेला गुलाब.

तीन वाक्यांत तीन अपराध आहेत, पण मधला सगळ्यात मोठा. आमचा खेळ असा : पेपरातलं शब्दकोडं सोडवायचं, त्यातलं एक उत्तर निवडायचं आणि त्याच्यावर चार ओळी करून व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकायच्या. तो शब्द ओळींत आणायचा नाही, त्याचं दुसरं रूपही नाही. बाकीच्यांनी ओळखायचं. अकराच्या आत उत्तर फोडायचं नाही, कारण सगळ्यांच्या दारात पेपर एका वेळी पडत नाही. नऊ माणसं आणि चार नियम, तेही पाळवत नाहीत.

ओळी अशा होत्या :

नभी नाचते ती, घरी राबते ती
तिच्या येरझारा कुणा सांगते ती?
जरा रूसली की निघे घामधारा
तरी देयकाचा सुटेना पहारा

आडवे ५ ला ‘सूर्य, दोन अक्षरी’ होतं, म्हणजे रवी. त्याच्या शेवटच्या घरातून उभे ६ निघत होतं, ‘चपला, दोन अक्षरी’. नागपूरच्या मैत्रिणीने पहिल्या फटक्यात ‘जोडे’ लिहून टाकलं. चपला म्हणजे वीज हे आता फक्त शब्दकोड्यात उरलंय. कावळ्याला वायस, सापाला अही आणि रात्रीला यामिनी म्हणणारी माणसं महाराष्ट्रात आहेत ती एवढीच, रोज सकाळी पेन्सिल घेऊन बसलेली. पृथ्वीची तर चंगळच आहे. दोन घरं असतील तर धरा, मही, इला, क्षमा. तीन असतील तर अवनी, धरणी, मेदिनी. चार असली की वसुंधरा.

यात कोडं रचणाऱ्याची हौस कमी आणि नाइलाज जास्त. इंग्रजीत एका घरात एक अक्षर, आणि एकूण अक्षरं सव्वीस. आपल्याकडे घरात अक्षर बसतं ते काना-मात्रा-वेलांटीसकट. ‘रवी’तून खाली जायचं तर शब्द ‘वी’नेच सुरू व्हायला हवा. वीज चालेल, वीणा चालेल, विहीर नाही. जोडाक्षर कितीही अवजड असलं तरी घर एकच : ‘स्त्री’ संगणकाच्या लेखी सहा तुकड्यांची असते (स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ ईकार), कोड्यात मात्र एका घरात नांदते. शब्द ‘ळ’वर संपला की त्या घरातून खाली नवा शब्द काढायची सोय संपली, ‘ळ’ने सुरू होणारा शब्द आणायचा कुठून? मग तिथे काळं घर टाका, नाहीतर संस्कृताच्या दारात वाडगा घेऊन उभे राहा.

आमच्या गटातली न्यू जर्सीची वहिनी यातलं काही करत नाही. ती ‘वर्डल’चे रंगीत चौकोन टाकते. जॉश वॉर्डलने २०२१ साली लोकांपुढे ठेवलेला तो खेळ : पाच अक्षरी शब्द, सहा संधी. अक्षर आणि जागा दोन्ही बरोबर तर हिरवा, अक्षर आहे पण जागा चुकली तर पिवळा, नाहीच तर करडा. मी आधी नाकं मुरडली. पण त्या चौकोनांत एक सभ्यपणा आहे. माणूस कसा धडपडला ते सगळं दिसतं आणि उत्तर फुटत नाही. काकांना हे चौकोन सक्तीचे करावेत असं माझं आजपासूनचं मत आहे. (तोच खेळ मराठीत आणा आणि मजा बघा. उत्तरात ‘की’ आहे आणि तुम्ही ‘का’ लिहिलंत, तर चौकोन पिवळा की करडा? यावर आमच्याकडे दोन दिवस अबोला होता.)

ओळी करायची माझी रीत उलटी आहे. आधी चौथी ओळ. चिमटा तिथेच बसायला हवा, आणि पहिल्या तीन ओळींत हुशारी उधळली की चौथीला ‘हो’, ‘ना’, ‘खरे’ अशी भरताड करावी लागते. त्याआधी उत्तराशी लागून येणारे शब्द लिहून काढायचे आणि सगळ्यात जवळचे दोन-तीन खोडायचे. विजेसाठी मी दिवा, बटण आणि तार खोडलं, ‘देयक’ ठेवलं. मग वृत्त. अष्टाक्षरी सोपी, आठ बोटं मुडपली की झालं, अर्ध्या अक्षराला बोट नाही. भुजंगप्रयातात मात्र ‘लघू-गुरू-गुरू’ हा गट ओळीत चारदा यावा लागतो. म्हणजे पहिलं, चौथं, सातवं आणि दहावं अक्षर आखूड, बाकी सगळी लांब. हे अक्षरगणवृत्त, तीन-तीन अक्षरांच्या गणांचं. यात मात्रा चुकत नसतात हो, अक्षराचा गण चुकतो! ‘मात्रा चुकली’ म्हणणाऱ्याने निदान चूक तरी नीट काढावी.

तर ती काढायला काका आठ वाजता स्वतः जिना चढून तिसऱ्या मजल्यावर आले. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांची हयात गेली. आता मुद्रितं येत नाहीत म्हणून आम्हाला तपासतात. हातात पाकीट होतं. त्याच्या पाठीवर माझ्या चार ओळी, प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर चंद्रकोर नाहीतर आडवी रेघ. ‘ति’च्या डोक्यावर लाल वर्तुळ.

‘‘अगं, ‘तिच्या’ बघ. पुढे च्या, जोडाक्षर. जोडाक्षराच्या आधीचा ऱ्हस्व गुरू होतो. ओळ पहिल्या घासालाच गेली.’’

‘‘काका, आघात आला तर गुरू. ‘सज्जन’मध्ये ‘स’वर येतो. ‘तिच्या’मध्ये ‘ति’वर कुठे येतो? म्हणून बघा.’’

काका म्हणून बघायला लागले. ‘‘तित्-च्या. तित्-च्या.’’ जिन्यात आवाज घुमतो. समोरच्यांनी दार किलकिलं केलं.

‘‘तित्-च्या कोण म्हणतं, काका?’’

‘‘मी म्हणतोय की आत्ता.’’

‘‘बरं, मग मनाच्या श्लोकांत ‘सर्व सोडूनि द्यावे’ आहे. तेही भुजंगप्रयातच. ‘द्या’ जोडाक्षर. तुमच्या नियमाने आधीचा ‘नि’ गुरू धरा आणि चालीत म्हणून दाखवा.’’

काकांनी डोळे मिटले. ओठ हलले, बोटं हलली, दहाव्या अक्षराशी अडकली. परत पहिल्यापासून. परत अडकली. मला वाटलं, जिंकले.

‘‘समर्थांना चालतं,’’ काका डोळे उघडून म्हणाले. ‘‘तू समर्थ आहेस का?’’

एवढ्यात कचरा न्यायला येणाऱ्या ताई बादलीसाठी थांबल्या होत्या. पाकिटाकडे बघून काय आहे विचारलं, म्हणून मी वाचून दाखवलं. ‘‘लाइटीवर केलंय व्हय?’’ त्या म्हणाल्या. ‘‘आमच्याकडं काल रातभर नव्हती.’’ दिवसभरात ओळींतला मजकूर वाचणारी तेवढी एक व्यक्ती. काकांनी त्यांनाही सोडलं नाही. ‘‘ते ठीक आहे हो, पण तिसरी ओळ बघा. रूसली! रुसलीतला रु पहिला.’’

इथे मात्र मी सापडले. रु पहिलाच. तीन नंबरच्या जागी गुरू हवा होता, म्हणून मी गपचूप उकार ओढला होता. वृत्तासाठी कवीला ऱ्हस्वदीर्घात सूट आहे, शुद्धलेखनाच्या नियमांतच ती दिलेली आहे. मी तसं म्हटलं. ‘‘कवीला,’’ काका म्हणाले, आणि त्या शब्दावर असा काही आघात दिला की मागचा-पुढचा सगळा जिना गुरू झाला.

आता यांची स्वतःची अष्टाक्षरी ऐका. मंगळवारची. ‘सकाळी सकाळी उठावे, दात घासून चहा प्यावे’. मोजा. नऊ. दुसरी ओळ? तीही नऊ. शिवाय चहा ‘प्यावे’! आयुष्यभर लोकांच्या वेलांट्या उपटणारा माणूस चहाचं लिंग पोटात घालतो. आणि त्यावर नऊ जणांच्या गटात चौदा फुलं आली, पुण्याच्या मावशींनी एकटीने सहा दिली. विचारलं तर म्हणतात, ‘‘तो मुक्तछंद आहे.’’ मुक्तछंदाला चूक सापडत नाही हे या माणसाला बरोबर ठाऊक आहे. वृत्तात लिहिणाऱ्याने मात्र मान पुढे करून उभं राहायचं. नियम पाळायला गेलं की तपासनीस मिळतात, आणि न पाळणाऱ्याला गुलाब. माझा चहा वाया गेला तो गेलाच, शेगडीही मीच पुसली.

रात्री साडेनऊला गटावर काकांचा निरोप. आजचं कोडं एका कोपऱ्यात अडलंय. आडवे १३ ‘झाड’ला त्यांनी द्रुम भरलंय, त्याच्या ‘म’मधून उभे १४ ‘पृथ्वी’, म्हणून मही. ‘‘आता आडवे १७, ‘फुलांची असते’, दोन अक्षरी, ‘ही’पासून. कुणाला सुचतंय का?’’

माझं सकाळीच झालं होतं. १३ द्रुम नाही, वृक्ष. १७ माळ. निळ्या खुणा उमटल्यात, म्हणजे मी वाचलंय हे त्यांना दिसतंय. उभे १४ ला क्षमा आहे. ती मी आज कुणाला देणार नाही.